एकाच घरातली दोन मुलं, एकाच्याच पोटात जंत का?

एकाच घरात दोन भाऊ वाढतात. तोच डाळभात, तेच पाणी, तेच अंगण. तरी एकाला वरचेवर जंत होतात आणि दुसऱ्याला काहीच होत नाही. मग घरात बोलणी सुरू होतात. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं सूनबाई मुलाकडे बघत नाही. शाळेत पालकांशी बोलताना आम्ही हे नेहमी ऐकतो, आणि दोष बहुधा आईच्याच पदरात पडतो. या प्रश्नाच्या एका बाजूचं उत्तर शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये शोधलं आहे. ते घराघरांत पोहोचावं असं आम्हाला वाटतं.

सारखे उंदीर, वेगळे निकाल

प्रयोगशाळेतले उंदीर गटारातल्या उंदरांसारखे नसतात. सख्ख्या भावंडांची जोडी लावत किमान २० पिढ्या गेल्या की त्या वाणातले सगळे उंदीर जुळ्या भावंडांइतके एकसारखे होतात. 'बॅल्ब-सी' हा पांढरा वाण आणि 'सी-५७ ब्लॅक-६' हा काळा वाण, हे त्यातले दोन प्रसिद्ध. दोघांना एकच दाणापाणी दिलं, तेवढेच जंतू टोचले आणि तरी निकाल वेगळा आला, तर फरक आनुवंशिकतेत आहे असं म्हणता येतं.

काळा आजार आपल्याकडे बिहार, झारखंड, बंगाल या भागांत ओळखीचा. वाळूमाशीच्या चाव्यातून लेशमानिया नावाचा परजीवी शरीरात शिरतो आणि यकृत व प्लीहेत वाढतो. १९७०च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॅडली यांनी वेगवेगळ्या वाणांच्या उंदरांना हा परजीवी टोचला. काहींच्या यकृतात त्याची भराभर वाढ झाली, काहींमध्ये तो सुरुवातीलाच रोखला गेला. दोन्ही वाणांचा संकर करून पाहिल्यावर कळलं की हा सुरुवातीचा फरक मुख्यतः एकाच जनुकामुळे आहे.

ते जनुक नेमकं कोणतं, हे १९९३ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. आपल्या शरीरातल्या भक्षक पेशी जंतूला गिळून एका पिशवीत कोंडतात. या जनुकापासून बनणारं प्रथिन त्या पिशवीतून लोह आणि मँगनीज बाहेर उपसतं, म्हणजे कोंडलेल्या जंतूची रसदच तोडतं. दुबळ्या वाणांत या प्रथिनाच्या लांबलचक साखळीतली फक्त एक कडी बदललेली असते. तेवढ्याने उपसा बंद पडतो आणि जंतूचं फावतं.

एकाची ताकद, दुसऱ्यापुढे कमजोरी

म्हणजे काही उंदीर जन्मतःच बलवान आणि काही दुबळे, असं समजायचं का? नाही. खरी गंमत इथेच आहे. लेशमानियाचीच दुसरी जात त्वचेवर व्रण करते. ती टोचली तर काळ्या वाणाचा व्रण काही आठवड्यांत भरून येतो. पांढऱ्या बॅल्ब-सीचा मात्र चिघळत जातो आणि रोग अंगभर पसरतो. कारण पेशीत लपलेल्या जंतूला मारायला रोगप्रतिकाराची एक पद्धत लागते, आणि बॅल्ब-सीचं शरीर दुसऱ्याच पद्धतीकडे झुकतं.

पण आतड्यात चाबकासारखा बारीक जंत सोडला, की हाच पांढरा उंदीर सरस ठरतो. ती 'दुसरी पद्धत' आतड्यातल्या जंताला हुसकावण्यासाठीच असते. साधारण तीन आठवड्यांत तो जंत बाहेर टाकतो. 'ए-के-आर' नावाच्या वाणाला ते जमत नाही आणि त्याच्या पोटात जंत ठाण मांडतात. एका लढाईत हरवणारा गुण दुसऱ्या लढाईत जिंकवतो. म्हणून 'हे मूल कमजोर, ते मूल मजबूत' असा शिक्का मारणं चुकीचं आहे.

नशिबावर सोडू नका

जनुकं हाच शेवटचा शब्द नाही, हेही उंदरांनीच दाखवलं. एरवी जंत बाहेर टाकणाऱ्या उंदरांनाही एकदम पुष्कळ अंडी न देता अगदी थोडी दिली, तर शरीर नीट सावध होत नाही आणि जंत टिकून राहतात. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काळ्या वाणाचे उंदीर पिंजऱ्यातून काढून मोकळ्या कुंपणात, माती-गवतात ठेवले. जनुकं तीच, पण तिथे त्यांच्या पोटात पिंजऱ्यातल्या भावंडांपेक्षा जास्त जंत वाढले.

माणसांतही असाच दुहेरी हिशेब दिसतो. नेपाळच्या जिरेल समाजातल्या अभ्यासात गोल जंतांच्या बाबतीत माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा भाग आनुवंशिक आढळला. बाकीचा भाग पाणी, माती, संडास, सवयी अशा गोष्टींचा. आनुवंशिकता आपल्या हातात नाही, पण हा उरलेला भाग बराचसा आहे.

म्हणून वरचेवर जंत होणाऱ्या मुलाला रागवू नका आणि त्याच्या आईला तर मुळीच बोल लावू नका. शक्य आहे की त्याच घाणीतून त्याचा भाऊ केवळ आनुवंशिक देणगीमुळे सुटला असेल. अशा मुलाला डॉक्टरांकडे न्या, त्याची नखं कापा, जेवणाआधी आणि संडासनंतर साबणाने हात धुण्याची सवय लावा, बाहेर जाताना पायांत चप्पल असू द्या.

राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, म्हणजे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला, शाळा-अंगणवाडीत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते. 'आमच्या मुलाला जंत नाहीत' म्हणून काही पालक ती नाकारतात. आमचं त्यांना सांगणं आहे की पोटात जंत असूनही मूल वरून ठणठणीत दिसू शकतं, आणि त्याच्यामार्फत अंडी मातीत पसरत राहतात. त्या मातीत ज्याच्या शरीराला जंत हुसकावणं जमत नाही असं दुसरं मूल खेळत असतं. कदाचित ते आपल्याच घरातलं असेल. त्या दिवशी दोन्ही भावांना शाळेत पाठवा आणि दोघांनाही गोळी घेऊ द्या.