चेंडू नसलेला चेंडूचा खेळ

खाली एक फळी, वर विटांची भिंत आणि मधे उसळणारा चेंडू. विटा फोडायचा हा खेळ कुणी संगणकावर डीएक्स-बॉल म्हणून खेळलं असेल, कुणी ब्लॅकबेरीवर. या सगळ्यांचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकेतल्या अटारी कंपनीचा १९७६ सालचा ‘ब्रेकआऊट’. नाणं टाकून खेळायच्या त्या यंत्राच्या पोटात डोकावलं तर चक्रावायला होतं. आत प्रोग्रॅम नाही. एक ओळसुद्धा नाही. प्रोग्रॅम चालवणारा मायक्रोप्रोसेसरच नाही! आहेत त्या मोजणाऱ्या आणि हो-नाही ठरवणाऱ्या साध्या चिप्स.

मग चेंडू येतो कुठून?

जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ उतरत, सेकंदाला ६० वेळा अख्खा पडदा पालथा घालतो. तो नेमक्या जागी आला की क्षणभर उजळवायचा. तो ठिपका म्हणजे आपला चेंडू. चिप्स झोताच्या जोडीनं आकडे मोजत राहतात आणि ठरलेला आकडा आला की ठिपका उमटतो. मोजणीची लांबी झोताच्या फेरीइतकीच ठेवली, तर ठिपका जागचा हलत नाही. ती किंचित वाढवली, की दर फेरीला ठिपका थोडा उशिरा, म्हणजे थोडा उजवीकडे पडतो. आपण म्हणतो चेंडू धावला. खरं तर मोजणी मागे पडली, एवढंच! अटारीच्याच ‘पाँग’पासून (१९७२) ही युक्ती चालत आलेली. टक्कर तर आणखी सोपी. चेंडूचा आणि विटेचा संकेत एकाच क्षणी आले, की वीट गेली.

रंगही खोटेच. पडदा कृष्णधवल, त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या डकवलेल्या. विटांच्या ८ ओळी, प्रत्येकीत १४. खालून पिवळ्या, हिरव्या, नारिंगी, लाल. एकेका विटेचे गुण अनुक्रमे १, ३, ५, ७. अशा दोनच भिंती मिळत, म्हणजे ८९६ गुणांवर खेळ संपला.

तेव्हा दर चिपमागे पैसे पडत, म्हणून कमीत कमी चिप्समध्ये हे बसवायचं काम अटारीनं स्टीव्ह जॉब्जला दिलं. त्यानं मित्राला, स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅकला गाठलं. वॉझ्निअ‍ॅक दिवसा एचपीत नोकरी करायचा. चार रात्री जागून त्यानं चिप्सची संख्या पंचेचाळीसच्या आसपास आणली. मांडणी इतकी गुंतागुंतीची झाली, की अटारीला ती कारखान्यात वापरता आली नाही आणि बाजारात वेगळीच आवृत्ती आली. दोघांमधल्या पैशांच्या वाटणीचा किस्सा पुष्कळांनी ऐकलेला असतो. मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. हाच खेळ बेसिक भाषेत लिहिता यावा, या हौसेपोटी वॉझ्निअ‍ॅकनं १९७७ च्या अ‍ॅपल-२ या संगणकात रंग, आवाज आणि फळी फिरवायचे नॉब यांची सोय केली, असं तो स्वतःच सांगतो.

या खेळाचा खरा चमत्कार मात्र कोपऱ्यात लपलेला आहे. भिंतीच्या एका कडेला वरपर्यंत भगदाड पाडायचं आणि चेंडू त्यातून पलीकडे घुसवायचा. मग तो छत आणि विटा यांच्यामधे अडकून आपोआप धडाधड विटा फोडत सुटतो.

लंडनच्या डीपमाइंड कंपनीनं अटारीच्या घरगुती यंत्रावरचा ब्रेकआऊट एका संगणकीय प्रणालीला शिकायला दिला. तिला दिसत होती फक्त पडद्यावरची चित्रं आणि गुण. चेंडू म्हणजे काय, फळी कशासाठी, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. आधी ती चेंडू सोडत राहिली, मग परतवू लागली आणि पुढे तिनं कोपऱ्यातलं भगदाड आपलं आपण शोधलं. २०१५ मध्ये हे संशोधन ‘नेचर’मध्ये छापून आलं. भारावून जावं असंच हे आहे, पण एक गोम आहे. २०१७ मध्ये व्हायकॅरिअस कंपनीच्या संशोधकांनी याच खेळावर तयार झालेल्या अशाच एका प्रणालीसमोर फळी थोडी वर सरकवली, तर तिचा खेळ पार कोलमडला. कुठल्याही पोरानं तेवढं सहज निभावून नेलं असतं.

कधी मूळ ब्रेकआऊट हाती लागला तर मधल्या विटांच्या नादी लागू नका, कोपरा गाठा. फक्त सावध राहा: लाल ओळ भेदून चेंडू छताला लागला, की तुमची फळी निम्मी होते.