भल्या मंडळींचे झाड

आपल्याकडे दिवाळीचे वेध लागलेले असतात, किंवा फराळाचे डबे रिकामे होत आलेले असतात, त्याच सुमारास आयर्लंडच्या खेड्यांतून ३१ ऑक्टोबरची रात्र उजाडते. हो, ‘उजाडते’ म्हणायलाच हरकत नाही! कारण त्या रात्री गेलेली माणसे घरी परत येतात, अशी तिथल्या जुन्या लोकांची श्रद्धा. त्यांच्यासाठी चुलीतला विस्तव जागता ठेवायचा आणि शेजारी रिकामी खुर्ची मांडायची. पोरे सलगम कोरून त्यात मेणबत्ती लावीत. हीच चाल स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेली, आणि सलगमाच्या जागी लाल भोपळा आला. घरात बेदाण्यांचा गोड पाव होई, त्यात एक अंगठी दडवलेली. जिच्या फोडीत ती निघेल, तिचे वर्षाच्या आत लग्न!

मात्र या साऱ्या चालीरीतींच्या मागे एक धाक उभा असे. तो पऱ्यांचा. आपल्या गोष्टींतल्या नाजूक पऱ्या डोळ्यांसमोर आणू नका. या माणसांएवढ्याच, मानी आणि रागीट. त्यांचे नावसुद्धा घ्यायचे नाही. ‘भली मंडळी’ म्हणायचे. रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणणाऱ्या आपल्या आजीला हे सांगावे लागणार नाही. शेतातले मातीचे जुने गोल बांध आणि एकटे उभे असलेले हॉथॉर्नचे काटेरी झाड, ही त्यांची ठाणी. तिथे नांगर घालायचा नाही, फांदी तोडायची नाही. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी घरातले दूध किंवा विस्तव कुणाला द्यायचा नाही. नाहीतर वर्षभराच्या लोण्याची बरकत जायची. पऱ्या मुलगे पळवतात म्हणून पश्चिमेकडच्या खेड्यांत लहान मुलग्यांना झगे घालीत. आपण नाही का पोराचे नाव ‘धोंड्या’ ठेवीत?

इथवर वाचताना हसू येते. पण पुढची हकीकत हसण्याची नाही.

१८९५ सालची गोष्ट. टिपरेरी परगण्यातल्या बॅलिवॅडली गावी ब्रिजेट क्लिअरी नावाची, विशीतली, शिवणकाम करून चार पैसे मिळवणारी स्त्री राहत होती. मार्च महिन्यात ती आजारी पडली. डॉक्टर येऊन गेले, पाद्री येऊन गेले. पण नवऱ्याच्या मनाने घेतले की, ही माझी बायको नव्हेच. पऱ्यांनी तिला नेले आणि तिच्या जागी दुसरीच कोणी ठेवली! मग जडीबुटीचे कडू घोट बळेच पाजणे झाले, चुलीच्या धगीवर धरणे झाले. तिचा बाप आणि नातेवाईक घरातच होते. १५ मार्चच्या रात्री नवऱ्याने तिच्यावर दिव्याचे तेल ओतले. आणि तिला जाळल्यानंतर तो जवळच्या बांधापाशी जाऊन थांबला, खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावर बसून बाहेर येईल म्हणून! न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधासाठी वीस वर्षांची शिक्षा दिली. पंधरा वर्षांनी तो सुटला.

आता दुसरी हकीकत. १९९९ साली क्लेअर परगण्यात लॅटून येथे मोठा रस्ता व्हायचा होता. आखणीत एक हॉथॉर्नचे झाड येत होते. एडी लेनिहन या कथाकाराने वर्तमानपत्रातून आवाज उठवला की, हे भल्या मंडळींच्या भेटीचे झाड आहे, हात लावू नका. अखेर झाड राखून रस्ता करण्यात आला.

ही एकाच श्रद्धेची दोन टोके! एका टोकाला झाड वाचले, दुसऱ्या टोकाला एक बाई जळाली. श्रद्धा सारखीच, फरक पडला तो धाकाच्या दिशेचा. ‘माझा हात चुकेल’ या भीतीने माणूस कुऱ्हाड खाली ठेवतो. ‘समोरचा माणूस माणूसच नाही’ या भीतीने तीच उचलतो.

१९३७ ते १९३९ या काळात तिथल्या सुमारे पन्नास हजार शाळकरी मुलांनी आजी-आजोबांना विचारून अशा गोष्टी वह्यांत उतरवून घेतल्या. त्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. जुने फेकून द्यायचे नाही आणि डोळे मिटून मानायचेही नाही; आधी नीट लिहून घ्यायचे, मग निवडायचे, हा धडा त्या पोरांनी नकळत घालून दिला आहे.

यंदा फराळ आटोपल्यावर आपल्याही आजीजवळ वही घेऊन बसायला काय हरकत आहे?