न बोलावता आलेला खेळाडू

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील एक प्रसंग आपणांपैकी पुष्कळांनी ऐकला असेल. वार्षिक क्रीडास्पर्धेतील कुस्तीसाठी एक लहान चणीचा विद्यार्थी नाव देण्यास गेला. अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यास नाकारले. तो प्राचार्यांकडे गेला, परवानगी मिळविली आणि आपल्याहून धिप्पाड मल्लांस त्याने चीत केले. हेच खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक जिंकले. त्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर सात हजार रुपयांस गहाण टाकले होते.

ही थोरवी खरी. परंतु प्रत्येक होतकरू मुलास असे प्राचार्य कोठून भेटणार? एका माणसाच्या औदार्याने जे घडले, त्याचा नियम करता येईल काय?

अमेरिकेतील महाविद्यालयांनी असा नियम केला आहे. त्यांचा फुटबॉल निराळा, चेंडू हातात घेऊन धावण्याचा. २०२४ पर्यंत अनेक वर्षे वरच्या श्रेणीतील संघास ८५ शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती. उरलेल्या जागी कोणीही विद्यार्थी आपण होऊन चाचणीस येई. त्यास तेथे ‘वॉक-ऑन’ म्हणतात. तो स्वखर्चाने शिकतो, इतरांइतकाच सराव करतो आणि योग्यता दाखविल्यास शिष्यवृत्ती मिळवितो. बेकर मेफील्ड २०१३ साली टेक्सास टेक येथे व पुढे ओक्लाहोमा विद्यापीठात असाच दाखल झाला. २०१७ साली त्याने तेथील सर्वोच्च वैयक्तिक मान, हाइझमन करंडक, मिळविला.

ही कल्पना आम्हांस परकी वाटू नये. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि ‘कमवा व शिका’ हा मंत्र दिला. त्याच संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय आपल्या पनवेलात आहे. श्रमाने मिळविलेली मदत दान ठरत नाही, हे तत्त्व मैदानावर नेणे एवढेच उरते.

त्यासाठी काय करावे? वर्षारंभी चाचणी सर्वांस खुली ठेवावी आणि तिची तारीख फलकावर लावावी. दोन-तीन शिष्यवृत्त्या आधी वाटून न टाकता राखून ठेवाव्या. त्या कोणत्या कसोटीवर व कोणत्या दिवशी द्यावयाच्या, हे लेखी जाहीर करावे. हजेरी, अभ्यास व खेळ या तिहींचा विचार व्हावा. दुखापत झाली म्हणून मिळालेली शिष्यवृत्ती काढून घेऊ नये.

आणि एक गोष्ट विसरू नये. संध्याकाळच्या सरावानंतर उरणकडे एस.टी.ने परतणाऱ्या मुलास वा मुलीस प्रवासभाडे आणि पोटभर खाणे पहिल्या दिवसापासूनच लागते. ते न देता केवळ ‘दार उघडे आहे’ म्हणणे म्हणजे घरी ऐपत असणाऱ्यांसाठीच ते उघडणे होय. शिष्यवृत्ती कमवावयाची असते. ती कमविण्याची संधी मात्र आपणच द्यावयाची असते.