वाळूच्या पोटातली आग

शाळेत असताना श्रमदानात मी पुळणीवर सुरूची रोपं लावली होती. वाळू उडून घरात यायची, ती थांबेल, असं गुरुजी म्हणाले होते. आणि ती बरीच थांबलीही. चाळीसेक वर्षांनी त्याच बनातला वाळका पाला पेटला आणि गावापुढे प्रश्न आला : पुन्हा सुरूच लावायचा का? मी विज्ञानाचा पदवीधर नाही. पण उत्तर शोधता शोधता वाचनातून थेट पोर्तुगालला पोचलो.

तिथे आवेइरो शहराजवळ साओ जासिंतो हा वाळूच्या टेकड्यांचा राखीव प्रदेश आहे. वाळू थोपवायला तिथे अकेशिया लाँजिफोलिया हे ऑस्ट्रेलियातलं झाड लावलं गेलं. हेतू आमच्यासारखाच. १९९५मध्ये तिथे वणवा लागला. या झाडाचं बी कठीण कवचाचं. वर्षानुवर्षं मातीत दडून राहतं आणि आगीच्या उष्णतेनं रुजायला लागतं. त्यामुळे जळालेल्या जागी अकेशिया आणखी पसरला.

एलिझाबेते मार्शांते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या मातीचा अभ्यास केला. मूळ वनस्पतींची जागा, वणव्यानंतर व्यापलेली जागा आणि वीसहून अधिक वर्षं अकेशियाखाली असलेली जागा, अशी त्यांनी तुलना केली. जुन्या जागेत कर्ब, नायट्रोजन आणि सूक्ष्मजीवांचं एकूण वस्तुमान वाढलेलं होतं. नव्या जागेत पालापाचोळा बदलला होता, माती मात्र अजून तितकी बदललेली नव्हती.

कारण मुळांच्या गाठींत आहे. तिथले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात. तो पाल्यातून वाळूत उतरतो. आग वरच्या थरातले सूक्ष्मजीव, विशेषतः बुरशा, मारते आणि राखेतून अन्न एकदम मोकळं करते. कोरडी वाळू उष्णता खाली फारशी जाऊ देत नाही, म्हणून खोलवरचे जीव तगतात आणि पुन्हा वर पसरतात.

माती सुपीक झाली, मग बिघडलं काय? किनाऱ्यावरच्या मूळ वनस्पती उपाशी वाळूतच जगायला शिकलेल्या असतात. अन्न वाढलं की त्यांची जागा दुसरेच घेतात. झाड तोडलं तरी मातीतला बदल लगेच जात नाही. पालाही उचलावा लागतो आणि पुढची काही वर्षं वाट पाहावी लागते.

आपला सुरू म्हणजे अकेशिया नव्हे. त्याचं बी तसं मातीत दडून राहत नाही. पण त्याच्याही मुळांवर गाठी असतात. त्यांतल्या जिवाणूचं नाव फ्रँकिया. आणि त्याचा जाड पाला खाली फारसं काही उगवू देत नाही, हे तर गावातल्या कोणालाही दिसतं.

म्हणून ग्रामसभेत मी एवढंच सांगितलं : मागचा सुरू राहू दे, वाऱ्याला तोच अडवतो. पण जळालेल्या पुढच्या पट्ट्यातला पाला उचलू आणि तिथे मर्यादवेल लावू. माझ्याच हातची झाडं होती ती. बोलताना आवाज जरा कापला, पण बोललो.