न्यू जर्सीचे वार्तापत्र : ‘स्टेट’ आली!

इथल्या नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहात, तपासनीस कधी येणार, हे आधी कुणालाच कळवत नाहीत. दोन तपासण्यांमध्ये १५ महिन्यांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही, एवढं ठरलेलं. मग एखाद्या सकाळी ‘स्टेट आली’ अशी कुजबुज होते आणि स्वयंपाकघराची धांदल उडते. तपासनीस राज्याचे, पण नियम वॉशिंग्टनचे. १९८७च्या सुधारणा कायद्यापासून ते कडक झाले. मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांचा पैसा हवा, तर पाळण्यावाचून गत्यंतर नाही.

नुसतं चकचकीत दिसून भागत नाही, मोजून दाखवावं लागतं. गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटच्या खाली नको, थंड ४१च्या वर नको. उरलेलं सूप दोन तासांत ७०वर आणि पुढच्या चार तासांत ४१वर उतरलंच पाहिजे, म्हणून ते उथळ ट्रेमध्ये ओततात. अर्धकच्चं अंडं हवं असेल, तर ते पाश्चराइज केलेलंच. तरुण माणूस साल्मोनेलातून साधारण आठवडाभरात उठतो, नव्वदीतली आजी उठेलच असं नाही.

भांडी धुण्याच्या यंत्रातलं पाणी तपासताना मी पाहिलं. स्वयंपाकिणीनं कागदी पट्टी बुडवली, तिचा रंग डबीवरच्या रंगाशी ताडला आणि भिंतीवरच्या तक्त्यात क्लोरीनचा आकडा टाकला. दहा लाखांत ५० भाग. खरी गोम या तक्त्यातच असते. आठवड्याचे आकडे एकाच बैठकीत, एकाच पेनानं भरले असले, तर मुरलेल्या तपासनिसाला ते ओळखू येतात.

आपल्या लोकांचा खटका उडतो तो घरच्या डब्यावरून. घरचं अन्न आणायला बंदी नाही. ते सुरक्षित कसं ठेवायचं, याचं धोरण मात्र संस्थेकडे असावंच लागतं. माझ्या ओळखीच्या एका काकूंची आमटी नर्सनं सरळ कचऱ्यात ओतली, कारण डब्यावर तारीख नव्हती. ‘अगं, कालचीच होती गं!’ काकू लेकीला सांगत राहिल्या. मला नर्सचं वागणं रुक्ष वाटलं, चूक नाही. लेक आता डब्यावर चिकटपट्टी लावून नाव-तारीख लिहिते.

सापडलेले दोष झाकता येत नाहीत. अहवाल रहिवाशांना आणि नातेवाइकांना सहज वाचता येईल असा ठेवावा लागतो. एका ठिकाणी दाराजवळच्या फाइलीत मी वाचलं : बर्फाच्या यंत्रात काळपट बुरशी, स्वयंपाक्याच्या दाढीला जाळी नाही. आईसाठी जागा बघायला गेलेली मंडळी लॉबीतल्या झुंबरावर खूश होऊन परततात. मी त्यांना आधी ती फाइल मागायला सांगतो.