थेंबही न गळणारी गळती

सोलापूर हा राज्यातले सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा. गाळप सुरू झालं की अकलूज, पंढरपूर, माढ्याकडचे रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातात. अशा वेळी दोन ट्रॉल्या ओढणारा एखादा ट्रॅक्टर चढावर आचके देतो आणि कडेला बंद पडतो. टाकीत डिझेल असतं, बॅटरी चांगली असते, सेल मारला की इंजिन फिरतंही. पण पेट घेत नाही. मिस्त्री येतो, जरा वेळ ऐकतो आणि म्हणतो, ‘एअर धरलीय.’

इकडे ट्रॉलीतला ऊस वाळत असतो. तोडल्यापासूनच त्यातलं पाणी उडायला लागतं, साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होऊ लागतं. शेतकऱ्याचे पैसे वजनावर, कारखान्याचे साखरेवर. खोळंबा दोघांनाही महागात पडतो. म्हणून ही ‘एअर’ नीट समजून घ्यायला हवी.

डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा दाबून साधारण सतराव्या हिश्शाएवढी केली जाते. त्या दाबाने ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तिच्यात डिझेलचा बारीक फवारा शिरला की तो आपोआप पेटतो. नेहमीच्या ट्रॅक्टरचं नोझल साधारण २०० बार दाब आल्याशिवाय उघडतच नाही. मागच्या मोठ्या टायरमध्ये असतो, त्याच्या शंभर पटींहून अधिक हा दाब आहे. पंप तो तयार करू शकतो, कारण द्रव जवळजवळ दबतच नाही. एका टोकाला ढकललं की दुसऱ्या टोकाला लगेच ढकललं जातं.

हवा मात्र दबते. ४५ अश्वशक्तीचं तीन सिलिंडरचं इंजिन कामावर असताना तासाला सहा लिटर डिझेल खातं असं धरा. हिशेब केला तर प्रत्येक फवाऱ्याला येतं जेमतेम ३३ घन मिलिमीटर, म्हणजे मंगळवेढ्याच्या ज्वारीचा एक दाणा! तेवढाच बुडबुडा पंपात शिरला, की पंपातला दट्ट्या, म्हणजे प्लंजर, त्याला नुसता दाबतो, सोडतो. नोझल उघडण्याइतका दाब चढतच नाही.

एअर काढायला बरेच चालक शिकलेले असतात. फिल्टरच्या डोक्यावरचा बोल्ट जरा सैल करायचा आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीडपंपाचा हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच बोल्ट आवळायचा. मग तेच मुख्य पंपावर, आणि तरीही इंजिन उचलत नसेल तर नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून थोडा सेल मारायचा. ट्रॅक्टर सुरू होतो. खरी अडचण पुढे असते. तासाभराने तो पुन्हा बंद पडतो, कारण हवा काढली तरी ती शिरायची वाट उघडीच राहिलेली असते.

ती वाट सापडत नाही, कारण आपण ओल शोधत असतो. फीडपंपाच्या पुढे डिझेल दाबाखाली असतं. तिथे सांधा सैल झाला तर डिझेल बाहेर झिरपतं, धूळ चिकटते, जागा काळी पडते. टाकीपासून फीडपंपापर्यंतची नळी मात्र ओढीवर चालते. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी, म्हणून चीर असली तर बाहेरचीच हवा आत घुसते. डिझेलचा थेंबही दिसत नाही. टाकी भरलेली असताना वरच्या डिझेलच्या भाराने हा दोष दबून राहतो. टाकी निम्म्याखाली गेली की डोकं वर काढतो, म्हणून ‘काल तर चांगला चालला’ असं वाटतं.

शोधायची सोपी रीत म्हणजे जुन्या नळीच्या जागी थोडा वेळ पारदर्शक नळी लावून बघणं. तिच्यातून बुडबुडे वाहताना दिसले, तर दोष मागे टाकीच्या बाजूला. दुसरी रीत : स्वच्छ डिझेलचा कॅन उंचावर धरून थेट फीडपंपाला जोडायचा. इंजिन सुरळीत चाललं, तर पंप-नोझलला हात लावायचं कारणच नाही. बहुतेक वेळा उन्हाने तडकलेला रबरी पाइप किंवा तांब्याचा जुना वायसर निघतो. वारंवार आवळून तांबं कडक होतं आणि सांध्यावर नीट बसत नाही. वायसर लाल होईपर्यंत तापवून थंड केला की पुन्हा मऊ होतो; पण काही रुपयांचा नवा घालणं केव्हाही चांगलं.

त्याआधी टाकीचं झाकण बघावं. त्याचं हवेचं बारीक भोक उसाच्या फडातल्या मातीने बुजलं, की टाकीत पोकळी तयार होऊन डिझेल यायचं थांबतं. झाकण उघडताना ‘फुस्स’ झालं, तर आजार तिथेच सापडला. डिझेलात उतरणाऱ्या पाण्याकडेही असंच लक्ष ठेवावं. थंडीच्या रात्री अर्ध्या टाकीतल्या हवेतली वाफ थंड होऊन थेंब धरते, म्हणून संध्याकाळी टाकी भरून ठेवावी. पण माझ्या मते शेतावर उघडं ठेवलेलं डिझेलचं बॅरल जास्त दोषी असतं. पाणी जड, ते तळाशी बसतं. सकाळी सेल मारायच्या आधी फिल्टरखालचा बोल्ट सैल करून ते सोडून द्यावं.

मुख्य पंप शेतात उघडू नये, एवढा माझा आग्रह आहे. त्यातला प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. धुळीचा एक कण आत गेला तरी ओरखडा पडतो.

५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. त्यानंतर आलेल्या अनेक मॉडेलांत कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना दाबाखालचं डिझेल पुरवणारी एकच नळी, आहे, आणि तिथे दाब हजार बारच्या पुढे जातो. त्या नळ्यांचे नट सैल करून एअर काढायची जुनी सवय तिथे अजिबात चालवू नये. फवारा हाताने तपासणं तर जुन्या इंजिनावरही टाळावं. ती धार कातडी भेदून आत जाते; बाहेर टाचणीएवढा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण आतलं मांस सडायला लागतं. असं झालं तर वाट न पाहता शल्यचिकित्सक असलेलं रुग्णालय गाठावं आणि डिझेल दाबाने आत गेलंय, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं.