हप्ता आखाजीला मिळावा

गरिबाच्या हातात रोख पैसा पडला की तो उडवला जातो, ही समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात फार खोलवर रुजलेली आहे. सरकार शेतकऱ्यांच्या खात्यात थेट रक्कम जमा करू लागल्यापासून तर ती वारंवार बोलून दाखवली जाते. उलट पक्षी, खात्यात रक्कम जमा झाली म्हणजे शेतकऱ्याचा प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांचीही वाण नाही. या दोन पक्षांच्या वादात एक साधा प्रश्न मात्र मागे पडतो : ही रक्कम घरात येते केव्हा? पोटापुरती शेती करणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने रक्कम किती, या प्रश्नाइतकेच महत्त्व ती कोणत्या महिन्यात मिळते, याला आहे.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील पिंपळनेर परिसराचे उदाहरण घेऊ. पांझरेकाठचे हे बाजाराचे गाव. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये ते स्वतंत्र तालुका म्हणून नोंदलेले आहे. गावाच्या आसपास जेथे पाणी पोचते तेथे कांदा पिकतो, पैसा खेळतो. परंतु पश्चिमेला डोंगरांकडे सरकावे तसतसे चित्र पालटते. तेथे कोकणी, भिल्ल, मावची कुटुंबांची पावसावरची शेती आहे. भात, नागली अशी पिके; निघालेले धान्य बहुतांशी घरातच खाल्ले जाते, विकण्याजोगे थोडेच उरते. खरीप निघाला की यांतील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत उतरतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोली भागातील ऊसतोड मजुरांचा जो प्रदीर्घ अभ्यास केला, त्यातील मजूर खानदेशातूनच गेलेले होते.

या स्थलांतराचे मूळ पावसाळ्यात आहे. ज्येष्ठ-आषाढात कणगी रिकामी होते आणि नेमक्या त्याच वेळी बियाणे, खत, बैलजोडीचे भाडे यांसाठी रोकड लागते. बँकेच्या दारात कागदपत्रांची अडचण असते. मुकादमाच्या दारात ती नसते. तो उचल देतो आणि हंगामाला कोयत्यावर बोलावतो. उचल म्हणजे दुसरे काही नव्हे, हिवाळ्यातील श्रमांची पावसाळ्यातच पडत्या भावाने झालेली विक्री होय. म्हणून या घरात जूनच्या पहिल्या आठवड्यात आलेले दोन हजार रुपये आणि ऑगस्टमध्ये आलेले दोन हजार रुपये या एकाच किमतीच्या वस्तू नाहीत. पहिले भांडवल होय. दुसरे उधारीच्या वहीत जिरणारा पैसा.

तगाईपासून खावटीपर्यंत

ही गोष्ट राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. इंग्रज सरकारने १८८४ च्या शेतकरी कर्ज कायद्याने बी-बियाणे व बैलांसाठी तगाईची तरतूद केली, तिच्या मुळाशी हाच विचार होता. महाराष्ट्र राज्याने १९७८ साली आदिवासींसाठी खावटी कर्ज योजना सुरू केली, तीही पावसाळ्यातील उपासमार टाळण्यासाठीच. पुढे ती बंद पडली आणि कोरोनाच्या संकटात, सप्टेंबर २०२० मध्ये, खावटी अनुदान या नावाने पुन्हा अवतरली. कुटुंबामागे चार हजार रुपये. त्यांपैकी दोन हजार रोख आणि दोन हजारांच्या वस्तू. हेतू उत्तम होता. परंतु निर्णय झाला तेव्हा पावसाळा सरत आला होता, आणि वाटपाला २०२१ साल उजाडले. भुकेच्या दिवसांसाठी योजलेली मदत भुकेचे दिवस उलटल्यावर पोचली.

पंतप्रधान किसान सन्मान निधीची कथाही फारशी निराळी नाही. २०१९ साली सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत मिळतात. पहिला हप्ता एप्रिल ते जुलै या काळासाठीचा. तो २०२१ मध्ये १४ मे रोजी आणि २०२२ मध्ये ३१ मे रोजी जमा झाला. या दोन्ही वर्षी तो पेरणीच्या कामी येऊ शकला. परंतु २०२३ मध्ये तो २७ जुलै रोजी, २०२४ मध्ये १८ जून रोजी आणि २०२५ मध्ये २ ऑगस्ट रोजी सुटला. पाच वर्षांत पाच निरनिराळ्या तारखा, आणि त्यांतील दोन पेरणी उरकल्यानंतरच्या. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा पहिला हप्ता तर २६ ऑक्टोबर २०२३ रोजी, खरीप खळ्यावर येण्याच्या सुमारास, शिर्डी येथील समारंभात वितरित झाला. समारंभाची सोय पाहून हप्त्याची तारीख ठरावी, मृगाची सोय पाहून नव्हे, हे या योजनांचे खरे वैगुण्य आहे.

रकमेचा हिशेब

रक्कमही नीट तपासून पाहावी. सरकारने बांधून दिलेल्या दराने डीएपी खताची गोणी १३५० रुपयांना आणि युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. एक गोणी डीएपी आणि दोन गोण्या युरिया घेतल्या की १८८३ रुपये होतात. दोन हजारांच्या हप्त्यातून हाती ११७ रुपये उरतात. केंद्र आणि राज्य यांचे मिळून बारा हजार रुपये वर्षभरात पाच माणसांच्या घरात वाटले, तर माणशी दिवसाला साडेसहा रुपये पडतात. एवढ्यात संसार चालत नाही, हे उघड आहे. पण उचल थोडी कमी घेता येते, हेही तितकेच खरे. आणि उचल कमी घेणारा माणूस मुकादमाशी थोडा ताठ मानेने बोलू शकतो. या मदतीचे मोल येथे आहे.

शिक्षकाला आणि कारकुनाला महागाई भत्ता मिळतो. निर्देशांक चढला की तोही चढतो, आणि तसे व्हावे हे न्याय्यच आहे. मग २०१९ साली ठरलेले केंद्राचे सहा हजार २०२५ अखेरपर्यंत सहा हजारच का राहावेत? संसदेच्या कृषिविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२४ मध्ये ही रक्कम दुप्पट करण्याची शिफारस केली होती. दुप्पट करणे कठीण असेल, तर निदान ती महागाईशी बांधावी, एवढे तरी मागता येईल.

आता ‘पैसा उडवतात’ या आक्षेपाविषयी. मध्य प्रदेशात २०११-१२ च्या सुमारास ‘सेवा’ या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने काही गावांत प्रत्येक रहिवाशाला दरमहा बिनशर्त रोख रक्कम देण्याचा प्रयोग केला. आरंभी प्रौढामागे २०० आणि मुलामागे १०० रुपये दिले जात. एक आदिवासी गावही त्यात होते. दारूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. उलट बियाणे, खते व जनावरे यांवर पैसा लागला, आणि परक्याच्या शेतावर मजुरीस जाणारे काही हात स्वतःच्या शेताकडे वळले. रक्कम लहान होती. परंतु ती दरमहा ठरल्याप्रमाणे मिळत होती. जे येणारच याची खात्री असते, त्याचा बेत आखता येतो. आणि बेत आखू शकणारा माणूस पैसा सहसा उडवीत नाही.

सातबाऱ्याबाहेरची माणसे

मदत पोचते कोणापर्यंत, हा तिसरा प्रश्न. किसान निधी जमिनीच्या नोंदीवर उभा आहे. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याच्या नावे जमीन होती तो पात्र. वारसाहक्काचा अपवाद वगळता नंतर नाव लागलेला अपात्र. वनहक्काचा पट्टा हाती पडलेल्यास लाभ मिळू शकतो. पण ज्याचा दावा अजून कचेरीत पडून आहे, तो तीच जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसत असूनही शासनाच्या लेखी शेतकरी ठरत नाही. बटाईने शेती करणारा आणि सालदार यांचा तर विचारच नाही. तेलंगणाने २०१८ साली हंगामापूर्वी एकरी रक्कम देण्याची प्रथा पाडली, तेव्हा वेळ अचूक साधली, पण मोठ्या जमीनदाराला मोठी रक्कम मिळाली आणि कुळाला काहीच नाही. त्याच वर्षी ओरिसाने आखलेल्या ‘कालिया’ योजनेत भूमिहीनांनाही स्थान दिले. दोहोंतील चांगले तेवढे उचलणे आपल्याला अवघड नाही.

स्त्रियांच्या बाबतीत एक विसंगती विशेष खटकते. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेत पात्र स्त्रीला दरमहा १५०० रुपये ठरले. परंतु जिला स्वतःच्या नावावर शेतकऱ्यांचे बारा हजार मिळतात, तिला दरमहा ५०० रुपयेच. म्हणजे जमीन पतीच्या नावावर असेल तर घरात वर्षाला तीस हजार येतात. ती स्त्रीच्या नावावर असेल तर अठरा हजार. ज्या महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवून हजारो सातबाऱ्यांवर स्त्रियांची नावे चढवली, तेथे जमिनीची मालकीण होण्याचा असा दंड भरावा लागावा, हे बरे नव्हे.

रोख मदतीने सर्व काही साधेल, असा येथे दावा नाही. दोन हजार रुपयांनी पाड्यावर रस्ता होत नाही, नाल्यावर बंधारा बांधला जात नाही, की शाळेत मास्तर येत नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्काच्या पायरीवर गेलेली रोजगार हमी महाराष्ट्राची स्वतःची देणगी होय. मजुरीबरोबर तिने गावाला पाझर तलाव आणि रस्तेही दिले. रोख रक्कम अशा कामांची जागा घेऊ लागली, तर तो तोट्याचा सौदा ठरेल. ती त्यांच्या जोडीला असावी.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे साल ठरते आणि शेतीचे नवे वर्ष सुरू होते. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि कर्ता माणूस मनाशी पेरणीचे गणित मांडू लागतो. खरिपाचा हप्ता त्या दिवसापर्यंत खात्यात पडावा आणि ती तारीख कायद्याने पक्की व्हावी. यासाठी तिजोरीला एक रुपयाही जादा खर्च येणार नाही. महिन्याच्या ठरल्या दिवशी वेतन घेणाऱ्या आपणा सर्वांना नेमक्या तारखेचे मोल निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी.